दिलेली माफी

माफी मागायला जाताना धनंजय कापगतेनं मोटारसायकल शकुंतलाबाईच्या घरापासून चार घरं अलीकडेच उभी केली. चालत येणारा माणूस नम्र दिसतो, हा एक विचार. आणि गाडी दारासमोर दिसली तर गावाला विचारायला कारण मिळतं, हा दुसरा. चपला त्यानं अंगणाच्या कडेला नीट जोडीनं काढल्या. एरवी तो त्या अंगणात आलाच नसता, आणि आला असता तर चपलांसकट.

हिशेब साधा होता. पऱ्हे जून व्हायला लागले होते. धानाची ही रोपं वेळेत उपटून चिखलात रोवली नाहीत तर पुढं ती नुसती उंच होतात, फुटवे धरत नाहीत. बोडीत, शेताजवळच्या त्या लहान तळ्यात, पाणी होतं, बांध्यांमध्ये म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये चिखल तयार होता, ट्रॅक्टरवाला आपलं काम उरकून दिघोरीला दुसऱ्याकडे गेला होता. अडलं होतं ते रोवणीला बाया येत नव्हत्या म्हणून, आणि बाया येत नव्हत्या त्या शकुंतलाबाईपायी. म्हणजे एका पारड्यात वर्षाचा धान आणि दुसऱ्यात एक शब्द, तोही नुसता तोंडानं उच्चारायचा. इतका स्वस्त सौदा धनंजयच्या वाट्याला पूर्वी आला नव्हता.

शकुंतलाबाई ओट्यावर बसून रोवणीत पाठीवर घ्यायचं प्लास्टिक सुईदोऱ्यानं शिवत होती. शेजारची चंद्रकला मधल्या बुटक्या भिंतीवर कोपरं टेकून उभी होती. तिला तिथं काही काम नव्हतं, आणि असल्याचं सोंगही ती करत नव्हती.

"काकू, हाव का घरी?" धनंजय म्हणाला.

"दिसून राहिली ना," बाई म्हणाली. "बसा."

गेल्या वर्षीपर्यंत ती त्याच्या तोंडी 'शकुंतला' होती. नातं नवीन होतं, म्हणून जरा अवघडलेलं होतं. तो ओट्याच्या टोकाशी टेकला.

"काकू, मांगच्या सालचं… झालं थे झालं. चुकी झाली."

"कोणाची?"

"आता झाली ना. माणूस म्हटलं का होते."

"हाव. पण कोणाची?"

चूक 'झाली' म्हटलं की ती करणाऱ्याला वाक्यात यावं लागत नाही. पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली. धनंजय त्या वाक्याच्या आडोशाला उभा होता आणि बाई त्याला बाहेर बोलवत होती. त्यानं चंद्रकलेकडं पाहिलं. तिनं कोपर बदललं, पण नजर नाही.

मागच्या हंगामात धनंजयनं दोन प्रकारचे पऱ्हे टाकले होते, शेजारी शेजारी: लवकर निसवणारा हलका धान आणि उशिरा येणारा भारी. पऱ्हे उपटायचे, त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि कोणती जुडी कोणत्या बांधीत जायची ते पाहायचं, हे काम शकुंतलाबाईचं. कित्येक वर्षं, कित्येक शेतांत तेच काम होतं तिच्याकडं. दिवाळीच्या सुमारास धनंजयच्या हलक्या धानाच्या बांधीत निम्मी लोंबं पिकून झडायला लागली आणि निम्मी अजून दुधात. कापावं तर हिरवा धान हाती येणार, थांबावं तर पिकलेला मातीत जाणार. बघायला गाव येऊन गेलं. संध्याकाळी टेकचंदच्या पानठेल्यावर चार माणसांत धनंजय म्हणाला होता, "शकुंतलेच्या हातून जुड्या मिसळल्या. वय झालं आता तिचं. जाऊ द्या, मी माफ केलं."

शेवटच्या वाक्यानं त्याला मान मिळाला होता. मोठ्या मनाचा माणूस, असं जागेश्वर लंजे तिथंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शेतातल्या बायांना त्यानं सांगितलं की यापुढं जुड्या शकुंतलेकडं द्यायच्या नाहीत. इतरांनीही तेच धोरण ठेवलं. तिला कोणी कामावरून काढलं नाही. रोवायला ये, म्हणत. नुसतं रोवायला.

मग उन्हाळ्यात धनंजयच्या बायकोनं, विजयमालेनं, ढोली सारवायला काढली. धान साठवायची, बांबूची, शेणामातीनं लिंपलेली जुनी ढोली. तिच्या तळाशी आधीच्या सालचा भारी धान चांगला हातभर बसलेला निघाला. हलक्याचं बियाणं त्यावरच ओतलेलं होतं, आणि ते ओतलं होतं धनंजयनं. विजयमाला त्या दिवसांत भावाच्या लग्नाला तुमसरला माहेरी होती. म्हणजे जुड्या बांधायच्या कितीतरी आधी, बियाण्यातच ते मिसळलेलं होतं. विजयमालेनं ओंजळभर धान नवऱ्यासमोर धरला. तो म्हणाला, सारवून घे. तिनं सारवून घेतली. ही गोष्ट तिनं गावात कोणालाही सांगितली नाही, एका चंद्रकलेशिवाय.

चंद्रकलेला सांगितलं म्हणजे गावातल्या साऱ्या बायांना सांगितलं. आणि बायांनी यंदा ठरवलं होतं, धनंजयच्या बांधीत पाय घालायचा नाही. शकुंतलाबाईवर त्यांचं फार प्रेम होतं अशातला भाग नव्हता. आज हिच्यावर आलं, उद्या आपल्यावर येईल, एवढा हिशेब त्यांनाही येत होता.

"माही चुकी," धनंजय अखेर म्हणाला. शब्द निघायला जड गेला, पण निघाला. "ढोलीतच मिसळलं होतं. मले माफ करा, काकू."

बाईनं दोरा दातानं तोडला.

"माफी मांगाले आले तुमी?"

"हाव."

"पण माफी तं तुमी मले देल्ली हाये. थे माह्यापाशीच पडून हाये सालभराची. पयले थे वापस घ्या."

"वापस?" धनंजयला हसावं की काय ते कळेना. "माफी काय उसनी वाटी हाये का, वापस घ्याले?"

"उसनी असती तं आमीच आणून देल्ली असती, भाऊ," चंद्रकला भिंतीवरून म्हणाली. "घासूनपुसून."

शकुंतलाबाईनं प्लास्टिक घडी करून मांडीवर ठेवलं. बोलताना तिचा आवाज चढला नाही. रोज विचार करून गुळगुळीत झालेलं बोलणं होतं ते.

"तुमी मले शिवी देल्ली असती, तं मी भांडली असती. लोक म्हणाले असते, दोघाइचं भांडण हाये, कोण खरं कोण खोटं पाहू. तुमी शिवी नाई देल्ली. माफ केलं. माफ केलेल्या बाईनं कोणासंग भांडाव, सांगा? कोणाले काही म्हणाले गेली तं लोक म्हणतात, काहून वं, त्यानं माफ केलं ना तुले? आता कायले उकरून काढतं?"

अंगणात एक कोंबडी धनंजयच्या चपलेवर चढून उतरली.

"मंग आता काय करू म्हणता?"

"टेकचंदच्या ठेल्यावर देल्ली होती. तिथंच वापस घ्या."

"आन् मंग याल रोवाले?"

"मंग येऊ."

तो उठला. अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन त्यानं पुन्हा एकदा मनात पारडी तोलली. माप जरासं वाढलं होतं, एका शब्दाऐवजी एक वाक्य. तरीही परवडत होतं.

टेकचंद ठेलाही चालवायचा आणि गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्षही होता. बहुतेक तंटे ठेल्यावर सुरू होत आणि समितीत मिटत. दोन्ही ठिकाणी सुपारी-तंबाखूचा खर्रा त्याचाच खपायचा. त्या संध्याकाळी तो प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी घोळत होता. बाकड्यावर जागेश्वर आणि आणखी दोघं-तिघं होते. चंद्रकला साखर घ्यायला आली होती. ठेल्यावर साखर मिळत नसे, हे तिला ठाऊक होतं.

धनंजयनं घसा साफ केला.

"मांगच्या साली मी शकुंतलाबाईले माफ केल्तं," तो म्हणाला. "थे मी वापस घेतो."

टेकचंदचे हात थांबले. "काहून? आता काय केलं तिनं?"

"काही नाई केलं."

"काही नाई केलं तं माफी काहून काढून घेतं गरिबाची? बरं दिसते का?"

"तसं नाई ना, टेकचंदभाऊ. तिनं तवाही काही नव्हतं केलं. बियाणं माह्याच ढोलीत मिसळलं होतं. चुकी माही."

बाकड्यावरचा जागेश्वर हळूच हसला.

"पऱ्हे किती जून झाले, धनंजय?"

"पऱ्ह्याचा काय संबंध?"

"बायाइनं अडवलं म्हणे तुले."

"अडवलं तं अडवलं. पण मी खरं सांगून राहिलो."

"सांग ना. आमी कुठं नाई म्हणतो?" टेकचंदनं पन्नी पुन्हा चोळायला घेतली. "अरे, रोवणी हाये. माणसाले वाकाव लागते. ढोलीची गोष्ट चांगली जमवली बाप्पा तू. बाईचं नाकही राहिलं, तुहं कामही झालं. दुसरा कोणी असता तं तेढ धरून बसला असता."

"मोठं मन लागते त्याले," जागेश्वर म्हणाला. "आपल्यावर घेणं सोपं नाई."

"गोष्ट नाई ना. खरंच ढोलीत…"

"हाव, हाव. ढोलीत." टेकचंदनं खर्रा त्याच्या हातावर ठेवला. "हे माह्याकडून."

आणखी एकदा नाही म्हणायला वाव होता. धनंजयच्या ओठांवर काहीतरी आलंही असावं. पण तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या कोणाला तरी जागेश्वर हाक मारून सांगायला लागला की पाहा, माणूस असावा तर असा, मजूर बाईची चुकी स्वतःच्या अंगावर घेतो. धनंजयनं खर्रा तोंडात टाकला. खरं बोलून झालं होतं. लोकांनी ते कसं घ्यावं, याचा काही त्यानं करार केला नव्हता.

चंद्रकला साखर न घेताच परत गेली.

सकाळी बाया आल्या. सगळ्या आल्या, साड्या खोचून, पाठीवर प्लास्टिक बांधून आल्या, आणि बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, ओळीनं उभ्या राहिल्या. खाली कोणी उतरलं नाही. धनंजयनं उपटलेल्या पऱ्ह्यांच्या पहिल्या जुड्या स्वतःच आणून धुऱ्यावर मांडल्या होत्या. पात्यांची टोकं पिवळी पडायला लागली होती.

"बोललो ना मी," तो शकुंतलाबाईला म्हणाला. "चंद्रकला होती तिथं. इचारा तिले."

"बोलले," चंद्रकला म्हणाली. "शब्दाले शब्द बोलले. आन् बोलणं झाल्यावर हिची चुकी होती थ्याहून मोठी झाली. आता अख्खं गाव म्हणून राहिलं, कापगत्यानं बाईचं पाप पोटात घातलं."

"त्याले मी काय करू? लोकाइले पटलं नाई."

"मंग पटन असं बोला," शकुंतलाबाई म्हणाली.

"खरं हाये तेच बोललो मी."

"खरं तं मीही सालभर बोलून राहिली, भाऊ. कोणाले पटलं?" ती जुड्यांकडे पाहत होती, त्याच्याकडे नाही. पिवळ्या टोकांचा तिलाही त्रास होत असावा. अशी जुडी तिनं आपल्या हातानं कधी धुऱ्यावर पडू दिली नव्हती. "मले तुमच्या शेताचं वाईट नाई करायचं. पण आज मी खाली उतरली, तं हे असंच राहीन. मी मरीन तवाही लोक म्हणतीन, जुड्या मिसळवणारी शकुंतला गेली."

ती जे मागत होती ते सगळ्यांना समजलं होतं, धनंजयलाही. फक्त ते द्यायचं कसं, ते त्याला सुचत नव्हतं. खरं सांगून पाहिलं होतं. त्याच्या तोंडून स्वतःची चूक निघाली की ती गावाच्या कानापर्यंत पोचेस्तोवर मोठेपण होत होती, यात त्याचा तरी काय दोष?

पलीकडच्या रस्त्यावर टेकचंदची स्कूटी थांबली. तो लाखांदूरला माल आणायला निघाला होता, पण धुऱ्यावर उभ्या बाया पाहून त्याच्यातला अध्यक्ष जागा झाला. पँट दुमडत तो धुऱ्यावरून आला. त्याच्या मागून घराच्या बाजूनं विजयमाला येत होती, एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात ग्लासांची पिशवी.

"काय वं बायाहो, उभ्या काहून?" टेकचंदनं विचारलं. "काल तं मिटलं ना? ह्यानं सारं आपल्यावर घेतलं. आणखी काय पायजे?"

"आपल्यावर नाई घेतलं. त्याइचंच होतं," शकुंतलाबाई म्हणाली.

"बरं, त्याइचंच. तू म्हणतं तसं." टेकचंदनं धनंजयकडं पाहून डोळा बारीक केला. "आता उतरा खाली."

कोणी उतरलं नाही. ऊन ढगातून बाहेर आलं आणि जुड्यांवर पडलं. धनंजयनं एक जुडी उचलली, मुळं चाचपली, पुन्हा ठेवली. विजयमाला जवळ आली होती. तिनं किटली धुऱ्यावर सपाट जागा पाहून ठेवली आणि ग्लास काढायला लागली.

"टेकचंदभाऊ," धनंजय म्हणाला, "हे पाहा. बियाणं ढोलीतच मिसळलं होतं. देवाशपथ. खाली जुना धान राहिला होता, त्याच्यावर नवं पडलं."

"हाव, काल म्हटलं तू."

"आन् ढोली साफ करणं कोणाचं काम हाये? घरच्या बाईचं. राहून गेलं तिच्याच्यानं. मी कसा सांगू चारचौघात? म्हणून काल माही चुकी म्हटलं."

टेकचंदचा बारीक केलेला डोळा पुन्हा नेहमीसारखा झाला. त्यानं विजयमालेकडं पाहिलं, मग धनंजयकडं, आणि मान हलवली, समोरचा हिशेब एकदम जुळल्यासारखी.

"असं म्हण ना मंग. आता समजलं," तो म्हणाला. "होते असं. बाया वरच्यावर झाडतात, तळाले कोण पाहते? मंग ह्या शकुंतलेचं तं काहीच नव्हतं की रे."

"तेच तं सांगून राहिलो कालपासून."

"उगाच सालभर बिचारीले…" टेकचंद चुकचुकला, आणि शकुंतलाबाईकडं वळून हात जोडल्यासारखं केलं. "काकू, गावाच्या वतीनं सांगतो, तुमच्याकडं काही नाई. जागेश्वरले मी आत्ता फोन करतो." आणि मग धनंजयला, जरा दबक्या पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "घरी जास्त बोलू नको आता."

"छे. घरचीच हाये," धनंजय म्हणाला. "मी माफ केलं तिले."

विजयमालेच्या हातात एक ग्लास होता. तो तिनं पदरानं पुसायला घेतला होता, ते पुसणं चालू राहिलं. नवऱ्याकडं तिनं पाहिलंच नाही. ती पाहत होती शकुंतलाबाईकडं. काही मागत होती असं नाही. पाहत होती, एवढंच.

चंद्रकलेनं तोंड उघडलं. शकुंतलाबाईनं तिच्या दंडाला हात लावला, आणि चंद्रकलेला वाटलं, बोलायचा मान बाईचा आहे, ती बोलेल. सगळ्याच जणी थांबल्या. बाईपाशी वाक्य होतं, लहानसंच. ढोली कोणी भरली आणि तेव्हा घरात कोण नव्हतं, एवढं सांगायला श्वासही लागला नसता. टेकचंद अजून धुऱ्यावरच होता, फोन कानाला लावून. वाक्य उच्चारलं असतं तर त्यानं फोन खाली घेतला असता, डोळा पुन्हा बारीक केला असता, आणि म्हणाला असता, तू म्हणतं तसं.

"हॅलो, जागेश्वर," टेकचंद बोलत होता. "अरे, थे शकुंतलाबाईचं नव्हतंच काही. हाव. मी सांगतो ना."

शकुंतलाबाईनं साडीचा काठ आणखी वर खोचला. चंद्रकलेच्या दंडावरचा हात काढला. वाकून धुऱ्यावरची एक जुडी उचलली, पिवळी टोकं चिमटीनं खुडून टाकली आणि चिखलात उतरली. मागोमाग बाकीच्या उतरल्या. चंद्रकला सर्वांत शेवटी उतरली, आणि दुपारपर्यंत कोणाशी बोलली नाही. तिच्या बाबतीत ही गोष्ट गावाच्या लक्षात यायला हवी होती, पण त्या दिवशी गावाला दुसरं बोलायला होतं.

बांधी संध्याकाळपर्यंत हिरवी झाली. जागेश्वरचा निरोप आला: उद्या आमच्याकडं या, आणि जुड्या शकुंतलाबाईच वाटतील. तिचं नाव जसं गेलं होतं तसंच ठेल्यावरून परत आलं, फक्त आता टेकचंदच्या तोंडून. धनंजयचा धान वेळेत लागला आणि मोठं मन होतं तिथंच राहिलं. उलट, पराया बाईला माफ करणं वेगळं आणि घरच्या बाईला चारचौघांत सांभाळून घेणं वेगळं, असं आता लोक म्हणू लागले. टेकचंदच्या समितीला एक तंटा मिटल्याचं श्रेय मिळालं. शकुंतलाबाईला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि सकाळी धुऱ्यावर विजयमालेनं पुढं केलेला चहाचा ग्लास तिनं मान वर न करता घेतला होता. या साऱ्याचं जे काही देणं झालं, ते बोडीच्या काठाशी बसून रिकामे ग्लास विसळणाऱ्या विजयमालेच्या नावे पडलं. ढोलीतलं खरं काय ते पहिल्यांदा बोलली होती ती तीच.